नऊ लीडर, एकतीस संगती आणि एकच फोन

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की जालना-परभणी भागात तीन वर्षांपूर्वी ४ घरगुती संगती (म्हणजे विश्वासी ख्रिस्ती माणसांच्या घरात भरणाऱ्या प्रार्थनेच्या बैठका) होत्या, त्या आता ३१ झाल्या, त्यांचे मुख्य लीडर ९, बहुतेक शेतमजूर नाहीतर ऊसतोडीला जाणारे, आणि कुठेही काही अडलं की नऊच्या नऊ जण तुम्हालाच फोन करतात. संस्था म्हणते सहा महिन्यांचं निवासी ट्रेनिंग द्या. दोघं जण मानधन मागतायत. एक भाऊ चार संगती घेऊन वेगळा व्हायच्या बेतात आहे. आणि तुम्ही विचारताय की "लीडरना कोचिंग द्या असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नक्की करायचं काय?"

कोचिंग हा शब्दच आपल्याकडे घोळ करतो म्हणा. आमच्या एका लीडरने घरी सांगितलं की मी कोचिंगला चाललोय, तर बायको म्हणाली ह्या वयात बारावी देताय का.

मी नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात, धडगाव-अक्कलकुवा-तळोदा ह्या बाजूला, गेली वीसेक वर्षं हेच काम करतोय. आमची माणसं भिल्ल, पावरा, मावची. तुमच्याकडची वस्ती वेगळी, जातीचे प्रश्न वेगळे, शिवाय जालन्याकडे जुन्या मिशनच्या मंडळ्या, म्हणजे चर्च, दीडशे वर्षांपासून आहेत, म्हणजे तुमच्या लीडरच्या डोक्यात "पाळकसाहेब" कसा असतो त्याचं एक चित्र आधीच बसलेलं असणार. आमच्या वरच्या पाड्यांवर ते चित्रच नव्हतं, त्यामुळे आमचं काही बाबतीत सोपं गेलं. लीडर वाचू शकतात का, घर कशावर चालतं, किती लांब राहतात, गावात विरोध किती आहे, ह्यावर सगळं बदलतं. तेव्हा मी लिहितोय ते जसंच्या तसं उचलू नका.

आता मुद्द्यावर. तुम्हाला वाटतंय तुमचा वेळ कमी पडतोय. मला वाचताना वाटलं की नऊ जणांची एक सवय पक्की झालीय, उत्तर साहेबांकडे असतं ही, आणि ती सवय त्यांना तुम्हीच लावलीय. रागावू नका, मी पण लावली होती. उत्तर देणं सोपं असतं आणि खरं सांगायचं तर गोडही लागतं, कोणीतरी डोंगरावरून रेंज शोधत शोधत आपल्याला फोन करतंय म्हटल्यावर छाती जरा फुगतेच.

माझी कशी जिरली ते सांगतो. दहाएक वर्षं झाली असतील. शहाद्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभा होतो, एका लीडरचा फोन आला, "सर, आमच्याकडे लग्न आहे, ढोल वाजवायचा का?" त्या गावातली पोरं ढोल सुरू झाला की मोहाची ढोसून मारामाऱ्या करायची, आधीच्या लग्नात एकाचं डोकं फुटलेलं मला माहीत होतं. तेवढ्यात गाडी लागली. मी म्हणालो, "राहू दे, ह्या वेळी नको." फोन ठेवला आणि विसरून गेलो.

दोन वर्षांनी अक्राणीत आतल्या एका पाड्यावर गेलो, तिथे मी आधी कधी पाय ठेवला नव्हता. तिथला लीडर म्हणजे त्या फोनवाल्याच्या शिष्याचा शिष्य. संगती बसली, गाणी सुरू झाली, पण एकदम सुकी, टाळ्यासुद्धा दबकत दबकत. सातपुड्यातली माणसं आणि ढोल नाही? मी विचारलं, का हो? एक म्हातारा म्हणाला, "विश्वासी माणसाने ढोल वाजवायचा नाही, वरून सांगितलंय." वरून म्हणजे कोणी? ते कोणालाच माहीत नव्हतं. मला कळलं आणि घाम फुटला, कारण ते "वरून" म्हणजे मीच होतो. शहाद्याच्या स्टँडवरून निघालेल्या वाक्यातलं "ह्या वेळी" वाटेत कुठेतरी गळून पडलं आणि "नको" तेवढं चार पाडे ओलांडून पोचलं.

त्यावर माझ्या तोंडात पहिलं आलं होतं की अरे वाजवा बिनधास्त. पण तोही वरून आलेला हुकूमच झाला असता, पहिला गेला दुसरा आला. म्हणून त्या लीडरला म्हटलं, बायबलमधलं स्तोत्र १५० वाचायला घ्या, त्यात डफ आहे, झांजा आहेत, नाच आहे, वाचा आणि तुमचं तुम्ही बसून ठरवा, मला विचारू नका. त्यांनी पाच-सहा महिने घेतले. त्या पाड्यावर आता ढोल वाजतो. शेजारच्या पाड्याने ठरवलं की संगतीत वाजवायचा पण लग्नात नाही, कारण त्यांच्याकडे दारूचा त्रास जास्त आहे. मी असतो तर मला हे दुसरं सुचलं नसतं. (आणि आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्ताचे अभंग लिहिले, कीर्तनं केली, तरी आपण अजून वाद्यांवर चर्चा करतोय, पण तो वेगळा विषय.)

तर वाढणाऱ्या कामात कोचची खरी अडचण ही आहे. दोन मंडळ्या असतील तर तुम्ही चुकीचं बोललात तरी रविवारी दुरुस्त करता येतं. तिसऱ्या-चौथ्या पिढीत गेलेलं काम असेल तर तुमचं वाक्य तुमच्या हातात राहत नाही. त्यामुळे मी आता फोनवर बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतो, तुझ्या संगतीतली बाकीची माणसं काय म्हणतात, आणि तुम्ही वचनात, म्हणजे बायबलमध्ये, कुठे बघितलंत. सुरुवातीला लोक वैतागतात. एकाने तर सरळ सांगितलं, "सर, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही, ही काय पद्धत झाली?" वैतागू द्या. सहा-आठ महिन्यांत फोन कमी होतात आणि जे येतात ते खरोखर अडलेले असतात.

भेट मात्र समोरासमोरच हवी, फोनवर कोचिंग होत नाही असं माझं मत, निदान आमच्यासारख्या भागात तरी. मी आठवडे बाजाराच्या दिवशी गाठतो कारण माणूस त्या दिवशी खाली येतोच, वेगळा दिवस मोडावा लागत नाही. मागच्या उन्हाळ्यातली एक भेट लिहितो म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. लीडर आमचूरची दोन पोती व्यापाऱ्याकडे उतरवून आला, आम्ही चहाच्या टपरीमागे बसलो. आधी पोतं किती भरलं, भाव काय मिळाला, पोरीचा दाखला झाला का, बायकोची कंबर कशी आहे, ह्यात अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास मी वाया गेला असं धरत नाही. मग तो म्हणाला,

"सर, त्या खालच्या पाड्यावरचा भाऊ परत प्यायला लागलाय. त्याला काढून दुसऱ्याला संगती देऊ का?"

"हो" माझ्या जिभेवर होतं. दारू आणि लीडर, ह्यात विचारायचं काय. पण गिळलं आणि विचारलं, "तू त्याला शेवटचा भेटलास कधी?"

"झाले दोन-अडीच महिने."

"आधी तर दर आठवड्याला जायचास ना?"

गप्प. चहा संपला. मग हळूच म्हणाला, "त्याने माझ्याकडनं बैलाला म्हणून चार हजार घेतलेत. देत नाही. म्हणून मी जात नाही."

म्हणजे दारू होतीच, खोटं नव्हतं, पण खाली चार हजार रुपये पडलेले होते. मी "काढ" म्हटलं असतं तर त्याने उधारीचं भांडण शिस्त म्हणून मिटवलं असतं आणि वर माझं नाव असतं. मी म्हटलं, भावाने अपराध केला तर काय करायचं, हे आपण कुठे वाचलं होतं? त्याला मत्तय १८ आठवलं, आधी एकट्याने जाऊन बोल, मग दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. "मग तू आता कुठल्या पायरीवर आहेस?" तर हसला, म्हणाला मी तर सरळ शेवटच्या पायरीवर उडी मारत होतो. तारीख त्याने स्वतः ठरवली, येत्या गुरुवारी जातो म्हणाला, आणि ती मी माझ्या वहीत लिहिली.

पुढच्या भेटीत मी पहिलं तेच विचारलं, गुरुवारी गेलास का? हे विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण आपण विचारत नाही म्हटल्यावर पुढच्या वेळी तो काहीही ठरवेल. तो गेला होता. अर्धे पैसे मिळाले, अर्धे होळीला देतो म्हणाला. दारू पूर्ण सुटली नाही. संगती सध्या त्या भावाची बहीण चालवते, आणि सगळे म्हणतात त्याच्यापेक्षा बरी चालवते. असंच असतं, सगळं काही साक्षीत सांगण्यासारखं होत नाही.

वहीचं म्हणाल तर माझ्याकडे प्रत्येकाचं एक पान असतं, त्यावर गोल काढलेले, एक गोल म्हणजे एक संगती, कुणातून कुठली निघाली त्याच्या रेषा. नाव लिहीत नाही, खूण असते. गोल लीडरनेच काढायचे, पेन त्याच्या हातात. काढता काढता तोच म्हणतो, "ह्या गोलातून पुढे काहीच नाही निघालं, का बरं?" मी ते दाखवलं असतं तर तो सबब सांगत बसला असता.

आता तुमचे नऊ. नऊ जणांना कोचिंग करू नका, तीन-चार घ्या. सासरा इथ्रो, त्याने मोशेला निर्गम १८ मध्ये हेच सांगितलं होतं, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांची रांग लावून तू पण थकशील आणि लोक पण थकतील, तेव्हा हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आणि २ तीमथ्य २:२ बघितलंत तर एका वाक्यात चार पिढ्या आहेत, पौल, त्याचा शिष्य तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती माणसं ज्यांना शिकवतील ते इतर. पौल त्या "इतरांना" फोन करत नाही. हे वचन आपण सगळे भाषणात वापरतो, पण स्वतःला त्यातून बाजूला कोणी करत नाही.

कोणते तीन-चार हे बोलणं चांगलं येतं म्हणून ठरवू नका, मी दोनदा तिथेच फसलो. गोल बघा. ज्याच्या मागे त्याने उभी केलेली माणसं आहेत आणि त्या माणसांच्या मागेही माणसं आहेत, तो. कधी कधी तो कोपऱ्यात बसणारा, अडखळत वाचणारा माणूस निघतो. उरलेल्या पाचांना खाली उतरवलं असं वाटू द्यायचं नाही, त्यांची जोडी ह्या चौघांशी लावा, तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जेवायला जात राहा. तरी एक-दोघं रुसतातच. त्यावर माझ्याकडे औषध नाही, वेळ जाऊ द्यावा लागतो.

आणि बायका. तुमच्या नऊ जणांत एकही बहीण नाही असं दिसतंय, पण ३१ संगतींपैकी किती बायकांच्या जिवावर चालतात ते एकदा नीट बघा. आमच्याकडे पुरुषाचं नाव असतं आणि संगती त्याची आई किंवा बायको चालवते. मी एकट्याने बहिणींना कोचिंग करत नाही, ते माझी बायको करते, आणि तिला जे कळतं ते मला दहा वर्षांत कळलं नव्हतं, नवरा रात्री काय करतो हे बाई माझ्यासमोर थोडीच सांगणार.

प्रश्न विचारत बसणं हे मात्र सगळीकडे चालत नाही, हे स्पष्ट लिहितो कारण नवीन कोच इथे चुकतात. एका लीडरने टीबीच्या पेशंटला प्रार्थनेनंतर सांगितलं की आता विश्वास ठेव, गोळ्या बंद कर. खोकला थांबला होता ना. मला कळल्यावर मी "तुला काय वाटतं, वचन काय म्हणतं" असलं काही विचारलं नाही. त्याच दिवशी मोटरसायकल काढली, दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की गोळ्या आत्ताच्या आत्ता सुरू, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण, प्रार्थना रोज करा आणि गोळी पण रोज घ्या. आमच्याकडे सिकलसेलही भरपूर आहे, तिथे पण तेच. चंगाईवर, म्हणजे प्रार्थनेने बरं होण्यावर, माझा विश्वास आहे, मी बघितलीय. पण डॉक्टरने दिलेलं औषध डॉक्टरशिवाय कोणी बंद करायचं नाही हा आमच्याकडे पक्का नियम आहे. तसंच लहान पोरांच्या बाबतीत काही वाईट, बाईला हात लावणं, मारहाण, पैशाची अफरातफर, इथे सरळ बोलायचं, लगेच बोलायचं, माणसाला सेवेतून बाजूला करायचं, आणि गुन्हा असेल तर पोलिसात जायचं. "आपलं आपल्यात मिटवू" हे ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्यासाठी कधीच मिटत नाही.

ट्रेनिंगबद्दल. संस्थेशी भांडू नका, पण सहा महिने निवासी म्हणजे माणूस गावातून उपटला जातो. आमच्याकडचे दोघं गेले होते, परत आले ते पांढरा शर्ट, हातात फाइल आणि बोलताना मध्ये मध्ये इंग्रजी. गावाने त्यांना मान दिला, खुर्ची दिली, पण त्यांच्यासारखं आपण पण करू शकतो असं एकालाही वाटलं नाही, आणि त्यांच्या संगतीतून पुढे दुसरी संगती निघाली नाही. चीनच्या शांतुंग प्रांतात काम केलेले जॉन नेव्हियस १८९० मध्ये कोरियाला गेले होते, तिथल्या नव्या मिशनऱ्यांना त्यांनी सांगितलं की विश्वासी झालेला माणूस ज्या कामधंद्यात आहे त्यातच राहू द्या, पगारी करून उचलू नका. कोरियात मग शेतीची कामं नसतील तेव्हा बायबलचे वर्ग भरायचे, माणसं यायची, शिकायची आणि घरी जायची. तुमच्याकडे हेच करता येईल, दोन-तीन दिवसांचं, कामाच्या मधल्या खाड्यात, आणि एका वेळी एकच गोष्ट. जी शिकली ती करून बघितल्याशिवाय पुढची नाही. पोराला तिफण धरायला शिकवताना बाप आधी स्वतः धरून दाखवतो, मग पोराच्या हातावर हात ठेवतो, मग नुसता बरोबर चालतो, मग बांधावर जाऊन बसतो. आपल्यातले पुष्कळ जण दुसऱ्या पायरीवरच म्हातारे होतात.

मानधन हा अवघड विषय आहे, मी कोणाच्या पोटाची थट्टा करत नाही. पण संगती चालवायचे पैसे द्यायला लागलात की त्या दिवसापासून तो तुमचा माणूस झाला, गावाचा राहिला नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे जे सात जण फुकट करत होते त्यांना वाटतं आपण मूर्ख. शिवाय बाहेरचा पैसा कधी थांबेल सांगता येत नाही. २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला, एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पैसा पुढे देणं बंद झालं, आणि माझ्या माहितीतल्या दोन ठिकाणी मानधन थांबलं तशी सेवाही थांबली, सहा महिन्यांत. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्ताच्या शिष्यांचा संघ उभा करायला बसले, तेव्हाही हाच पगाराचा काच होता असं मी समजतो. मी स्वतः काय करतो तर प्रवासाचं भाडं द्यायला हरकत नाही, आजारपणात मदत द्यायला हरकत नाही, पण तीसुद्धा शक्यतो संगतीच्या अर्पणातून आणि त्यांच्या हाताने. तुमच्या त्या दोघांशी बोलताना आधी हे बघा की ते मानधन कशासाठी मागतायत. एकाच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज निघेल कदाचित. मग तो मानधनाचा प्रश्नच नाही, त्याला कर्जातून बाहेर कसं काढायचं हा प्रश्न आहे, आणि त्यावर बचत गट उपयोगी पडतो, कोचिंग नाही.

वेगळा होणारा भाऊ. इथे तुमच्या लिहिण्यात थोडा राग दिसला, साहजिक आहे, तुम्ही त्याला घडवलंय. पण वेगळा होणं म्हणजे बंडच असं नाही, वाढीतसुद्धा माणसं वेगळी होतात. जाऊन भेटा, एकटे जा, आणि त्याला अडवायला जाऊ नका. तो कोणाला उत्तर देतो ते विचारा. त्याच्या अर्पणाचा हिशोब दुसरं कोणी बघतं का, त्याच्याशी असहमत होणारा एक तरी माणूस त्याच्याजवळ टिकलाय का. असेल तर आशीर्वाद द्या आणि येणं-जाणं ठेवा. नसेल तर काळजीचं आहे, मग त्याच्या संगतीतल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन बोला. ही चळवळ-चळवळ म्हणतो आपण, तिच्यात एका माणसाच्या हातात सगळं जाणं हा सगळ्यात मोठा धोका आहे, आणि हे तुम्हाला आणि मला पण लागू आहे बरं का. मी माझी वही दर तीन महिन्यांनी दुसऱ्या एका जुन्या सेवकाला दाखवतो, तो मला बोलतो, कधी कधी फार लागेल असं बोलतो.

आकड्यांचं पटकन सांगतो. ३१ हा आकडा वर पाठवला असेल तर पुढच्या वर्षी ५० मागतील आणि लीडर तुम्हाला ५० देतील, कागदावर. मी फक्त ज्या संगतीत गेल्या महिन्यात माणसं खरोखर बसली तीच मोजतो. आणि फोटो, चेहरे, गावांची नावं रिपोर्टमध्ये पाठवणं बंद करा. आमच्या जिल्ह्याला गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही लागून आहेत, दोन्हीकडे धर्मांतराचे कायदे आहेत, गुजरातचा २००३ चा, मध्य प्रदेशचा २०२१ चा, आणि आमची माणसं तोडीला बारडोलीकडे जातात. तिथे प्रार्थनेला बसलेल्या माणसाचा फोटो कुठे जाऊन पोचेल सांगता येत नाही. लीडरना हे पण शिकवा की आमिष नाही, भीती नाही, पोरांना आईबापाला न विचारता बसवायचं नाही. कायद्यासाठी म्हणून तर आहेच, पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं.

एक गोष्ट राहिली. १९१० मध्ये एडिनबर्गला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली होती, तिथे आपल्या दक्षिणेतले अझरिया, जे पुढे दोर्नकलचे बिशप झाले, ते गोऱ्या मिशनऱ्यांसमोर उभे राहून म्हणाले की तुम्ही खूप काही दिलंत, आता आम्हाला मित्र द्या. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं होतं की हे इंग्रजांना बोललेत. नंतर एकदा एका लीडरच्या घरी वडील वारले, मला तीन दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून. मी विचारलं, फोन का नाही केलास, प्रत्येक गोष्टीला तर करतोस? तो म्हणाला, "सर, ते सेवेचं काम नव्हतं ना."

तेव्हापासून तो पोतं, भाव, कंबर वगैरेचा अर्धा तास मी सोडत नाही.

आता तुमच्याकडून मला एक माहिती हवी. नऊपैकी किती जण दिवाळीनंतर कारखान्यावर जातात, आणि कुठे? कारण ते गेले की चार-पाच महिने गावातल्या संगती दुसऱ्या कोणाच्या तरी हातात राहणार आणि तोडीच्या फडावर, कोप्यांमध्ये नवीन बसणार. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाढ त्याच काळात झाली आणि सगळ्यात जास्त गळती पण. कोण मागे राहतंय ते कळलं की तुमचे ते तीन-चार कोण हे बऱ्यापैकी ठरेल, मग पुढचं लिहितो.